जुन्या गाडीच्या कामाचं एस्टिमेट: खरं किती, फुगवलेलं किती?

जुनी_हॅचबॅक
गाडी १४ वर्षांची, पेट्रोल, मॅन्युअल गिअर. कूलंट हळूहळू कमी होतंय आणि चढावर टेंपरेचरचा काटा वर सरकतो. गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि सांगितलं की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल. सोबत क्लच आणि पुढचे दोन्ही शॉकअप बदला म्हणतात. एस्टिमेट गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या दोन तृतीयांश आहे. माझी तयारी एक तृतीयांशापर्यंत, त्यावर नाही. डाव्या दाराखालचा पत्राही गंजलाय, तो एस्टिमेटमध्ये धरलेलाच नाही.
प्रश्न दोन. हे काम खरंच निघालंय का, हे कसं तपासायचं? आणि करून घेतलं तर नीट झालंय हे कशावरून ओळखायचं? गाडी विकायची नाही, तेव्हा कृपया तो सल्ला नको.

लांबपल्ला
ताई, विकून टाका. १४ वर्षांच्या गाडीत पैसे घालायचे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरायचं. मी जुनी काढून नवी घेतली, तेव्हापासून सर्व्हिसिंग सोडून गॅरेजचं तोंड पाहिलेलं नाही. वॉरंटी आहे, सहा एअरबॅग आहेत, लांबच्या प्रवासात अजिबात थकायला होत नाही. थोडं कर्ज काढा, पण नवीच घ्या.

इंजिन_ऑइल
लांबपल्ला यांना अनुमोदन. एकदा इंजिन खोललं की गाडी पहिल्यासारखी राहत नाही.

पाना_बारा_तेरा
हे काही खरं नाही. नीट खोललेलं आणि नीट बांधलेलं इंजिन छान चालतं. माझी अनेक वर्षं वर्कशॉपमध्ये गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
नुसतं बघून हेड गॅस्केटचं निदान करू नये. कूलंट कमी होण्याची स्वस्त कारणं आधी बाद करायची: रेडिएटर कॅप, होज, थर्मोस्टॅट, वॉटर पंप. थंड इंजिनवर कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घ्या. हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्यायचा आणि काटा उतरतो का ते बघत थांबायचं. बाहेर गळती असेल तर तिथे ओल दिसते. काटा उतरतोय आणि बाहेर सगळं कोरडं, असं असेल तर आत शंका घ्या. मग ब्लॉक टेस्ट: कूलंटवरची हवा निळ्या द्रवातून ओढतात. द्रव पिवळा पडला तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. हेड उतरवण्याच्या मजुरीपुढे या दोन्ही चाचण्यांचा खर्च किरकोळ आहे.
ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. थंडीत फक्त छोट्या फेऱ्या झाल्या तरी तिथे वाफ साचून तसं होतं. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका.

डिझेलवाला
म्हणून मी डिझेलच घेतो. माझ्या इंजिनाचं झाकण आजवर उघडलेलं नाही आणि कूलंटच्या जागी मी साधं पाणी घालतो. कूलंट हा निव्वळ कंपन्यांचा धंदा आहे.

पाना_बारा_तेरा
कूलंटमध्ये गंजरोधक असतं, शिवाय त्याचा उत्कलनांक पाण्यापेक्षा वर असतो. साधं पाणी ॲल्युमिनियमचं हेड आतून खायला लागतं आणि क्षारांनी रेडिएटर चोंदतो. डिझेल असो की पेट्रोल, फरक पडत नाही.

डिझेलवाला
माझी चालतेय ना!

हिशेबी
पाणी की कूलंट यासाठी वेगळा धागा काढा. ताईंचा प्रश्न एस्टिमेटचा आहे.
पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. प्रत्येक पार्टसमोर पार्ट नंबर हवा, आणि तो कंपनीचा आहे, कंपनीला पुरवणाऱ्याचा आहे की बाजारातला, तेही हवं. 'इंजिन काम' अशी एकच मोघम ओळ मान्य करू नका. काढलेले पार्ट परत हवेत हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा. वाढीव काम निघालं तर फोन करून विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. मला एका गॅरेजने न बदललेल्या ब्रेक पॅडचं बिल लावलं होतं. जुने पॅड मागितल्यावर ती ओळ बिलातून गेली.

इंजिन_ऑइल
कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच न्या. महाग पडतं, पण निश्चिंत.

लांबपल्ला
तिथे तर असेंब्लीच बदलतात. एक रबरी बुश गेला तरी सस्पेन्शनचा अख्खा आर्म. त्यापेक्षा नवी गाडी परवडली.

पाना_बारा_तेरा
जोडकामाबद्दल राहिलं. काही जोडकामं रास्त असतात. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर पंपासोबत बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदलणं योग्यच, कारण मजुरी तीच लागते. पण क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, हेडसाठी लागत नाही, त्यामुळे क्लचची मजुरी पूर्ण वेगळी आहे. 'त्यातच होऊन जाईल' हे इथे लागू नाही. क्लच स्वतः तपासा: मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात वरचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढतायत आणि वेग चढत नाही, तर प्लेट घसरतेय. शॉकअप गेले असतील तर सहसा त्यांवर तेल ओघळलेलं दिसतं. बदलायचेच झाले तर दोन्ही बाजूंचे एकदम.
हेड उतरलंच तर फेसिंगच्या (घासून सपाट करण्याच्या) आधी ते सपाट आहे का, हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) समोर मोजायला सांगा. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. ज्या इंजिनांत हेडचे बोल्ट ताणून बसवतात, तिथे ते नवेच हवेत.

नवशिका
काम नीट झालंय हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं? आम्हाला फीलर गेज काय कळणार!

ग्रीस_लागलेला
जोडावर बघा. सिलिकॉन गॅस्केटचा जाड रंगीत ओघळ बाहेर आलेला असेल तर तेवढाच आतही गेलाय, आणि तो तुकडा सुटून ऑइलच्या जाळीत अडकतो. बोल्टची डोकी घासून गोल झालीयत का, प्लास्टिकच्या क्लिपा जागेवर आहेत की वायरी केबल टायने बांधल्यायत, तेही बघा. कूलंटचं काम झाल्यावर इंजिन पूर्ण गरम करून हीटर लावा. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) हीटरमधून थंड हवा आली तर सिस्टिममध्ये हवा अडकलीय.

हिशेबी
उत्तम प्रतिसाद. पण ताई, न तपासता हेड गॅस्केट सांगणाऱ्या त्या गॅरेजला आता नमस्कार करा.

इंजिन_ऑइल
हेच म्हणतो. गॅरेज बदला.

लांबपल्ला
गॅरेज बदला आणि गाडीपण.

जुनी_हॅचबॅक
सर्वांचे आभार. पाना_बारा_तेरा आणि ग्रीस_लागलेला यांचे विशेष.
त्याच गॅरेजला जाऊन प्रेशर टेस्ट करायला सांगितली. काटा उतरला, आणि वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून थेंब येताना मला दिसला. सुकलेल्या कूलंटचा गुलाबी पापुद्राही तिथे होता. ब्लॉक टेस्टमध्ये द्रव निळाच राहिला. मेकॅनिकने जुनं एस्टिमेट स्वतः फाडलं आणि पंप, बेल्ट, टेन्शनर, थर्मोस्टॅट, कॅप एवढंच पार्ट नंबरांसह नव्याने लिहून दिलं. क्लच घसरत नाही. शॉकअपवर तेल नाही, ते राहू देतेय.
काम त्यांच्याकडेच करणार आहे. विचारल्यावर आढेवेढे न घेता समोर चाचणी करणारा माणूस मला पुरे. एक तृतीयांशातून जे उरतंय त्यात दाराखालचा पत्रा कापून नवा वेल्ड करून घेणार.

हिशेबी
अहो, वेल्डिंग कशाला? एवढ्या जुन्या गाडीच्या पत्र्यात घातलेला पैसा विकताना अजिबात परत येत नाही. क्लचसाठी बाजूला ठेवा.

पाना_बारा_तेरा
मीही आधी क्लचचीच तजवीज केली असती. गंजावर अंडरकोटिंग (तळाला मारायचा संरक्षक थर) मारून घ्या, दोन पावसाळे निघतील.

जुनी_हॅचबॅक
विकायचीच नाही, मग परत यायचा प्रश्नच नाही. तो पत्रा गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे, धडक बसली तर भार त्यावर येतो. काल तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला तर टोक आत गेलं. त्यावर कोटिंग मारलं तर गंज नुसता झाकला जाईल आणि आत पसरत राहील.

ग्रीस_लागलेला
ठरलंच असेल तर पत्रा चांगला निघेपर्यंत कापायला सांगा, गंजावर ठिगळ नको. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवायची आणि आतून गालिचा, वायरिंग बाजूला करायचं. वरून प्रायमर आणि सीलर, आतल्या पोकळीत मेण फवारायचं. पाणी निचऱ्याची भोकं बुजवू देऊ नका. रंग मारायच्या आधी एकदा बोलवा म्हणावं, वेल्डचे टाके डोळ्यांनी बघून घ्या.

जुनी_हॅचबॅक
हे सगळं एस्टिमेटच्या कागदावर लिहून घेतलं. निचऱ्याच्या भोकांचं मला माहीत नव्हतं. गाडी सोमवारी टाकतेय.