मॅच बघायला बसलो आणि राजकारण निघालं : अनुभव धागा

घाटमाथा (धागाकर्ता), न्यू जर्सी

"खेळात राजकारण कशाला आणता?" हे अमेरिकेत दोन्हीकडचे लोक विचारतात, आणि समोरच्याचं राजकारण दिसलं की मगच विचारतात. स्वतःचं असेल तेव्हा ती परंपरा असते, देशप्रेम असतं, फार तर गंमत असते.

२००१ साली मी इथे नवाच होतो. अकरा सप्टेंबरनंतरचे दिवस. ३० ऑक्टोबरला यांकी स्टेडियममध्ये वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना होता आणि पहिला चेंडू टाकायला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश येणार होते. आम्ही रूममेट जर्सी सिटीच्या भाड्याच्या घरात जमिनीवर गादी टाकून बघत होतो. बेसबॉल एकालाही कळत नव्हता. जाकिटाखाली बुलेटप्रूफ व्हेस्ट घालून बुश थेट माउंडवर (चेंडू टाकायच्या उंचवट्यावर) गेले आणि सरळ स्ट्राइक, म्हणजे अचूक चेंडू टाकला. "टप्पा पडला तर हे लोक हुर्यो उडवतील" असं यांकीजच्या डेरेक जीटरने त्यांना आधीच बजावलं होतं, हे मी मागाहून वाचलं. अख्खं स्टेडियम 'यूएसए, यूएसए' करत होतं. वर्षभरापूर्वी निवडणुकीत याच न्यूयॉर्कने बुशना झिडकारलं होतं, पण त्या रात्री राजकारण हा शब्द कुणी काढला नाही.

पुढे २०१९ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला, पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्येच, मोठ्या पडद्यावर ट्रम्प दिसले आणि प्रेक्षकांनी खरोखरच हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात निम्मी मंडळी म्हणत होती, "ती काय जागा होती का?" अहो, जागा तीच होती!

तर असे अनुभव लिहा. खेळ, टीव्ही शो, गाणी, काहीही चालेल, फक्त मधे राजकारण घुसलेलं हवं. ऐकीव नको. मत कुणाला दिलंत ते सांगायची सक्ती नाही. एकमेकांच्या अंगावर जायचं असेल तर वेगळा धागा काढा.

मिसळ_विदाउट_पाव, बे एरिया

माझा अनुभव कॉलिन कॅपरनिकचा. २०१६ मध्ये आम्ही सांता क्लाराला, लीव्हाय स्टेडियमपासून जवळच राहायचो. तो फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल रचणारा मुख्य खेळाडू. कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचारांचा निषेध म्हणून ऑगस्टमध्ये सराव सामन्यांच्या वेळी तो राष्ट्रगीताला नुसता बसून राहिला होता, आणि आधी ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. एका पत्रकाराच्या फोटोत दिसलं आणि मग आग लागली. त्यानंतर नेट बॉयर नावाचा माजी सैनिक त्याला भेटला. बसण्यापेक्षा गुडघा टेक, सैनिक आपल्या मेलेल्या साथीदारापुढे टेकतो तसा, ही कल्पना त्या भेटीतली. म्हणजे ज्या गोष्टीला सैन्याचा अपमान म्हणून शिव्या पडल्या, ती सुचवणारा सैन्यातला माणूस. हे शंभरातल्या नव्वद शिव्या देणाऱ्यांना माहीत नसतं.

१२ सप्टेंबरला रॅम्सविरुद्ध घरच्या मैदानावरचा पहिला सामना. नवऱ्याला ऑफिसमधून तिकिटं मिळाली होती. राष्ट्रगीत सुरू झालं आणि आम्ही ताडकन उभे. सवयच ती! महाराष्ट्रात थिएटरात सिनेमाआधी जन गण मन २००३ पासूनच लागायचं, पॉपकॉर्न सांभाळत उभं राहायचं अंगवळणी पडलेलं. पण त्या दिवशी झेंड्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या माना साइडलाइनकडे आणि फोन वर. आमच्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, लष्करी टोपी काढून छातीशी धरलेली, आणि त्यांच्या शेजारी त्यांचाच नातू असावा, अंगात कॅपरनिकची सात नंबरची जर्सी. कॅपरनिक आणि एरिक रीड गुडघ्यावर होते. गीत संपलं, आजोबांनी टोपी घातली आणि नातवाला विचारलं, "नाचोज आणायचे का?"

सामना आपण २८-० जिंकलो, कॅपरनिक त्यात खेळलाही नाही, तो तेव्हा राखीव होता. तो सीझन संपल्यावर त्याला परत कुठल्याच संघाने घेतलं नाही.

गडी_ह्यूस्टनचा

वरच्या प्रतिसादाबद्दल आदर ठेवून लिहितो. मी रिपब्लिकन मतदार आहे आणि मंडळात हे सांगितलं की लोक ताटातली जिलबी काढून घेतल्यासारखं बघतात. माझं म्हणणं साधं आहे. तिकिटाचे पैसे मी खेळासाठी मोजतो. करोडो डॉलर घेणाऱ्या माणसाने मला रविवारी दुपारी समाजशास्त्र शिकवू नये. सप्टेंबर २०१७ मध्ये हंट्सव्हिलच्या सभेत ट्रम्प म्हणाले की अशा खेळाडूंना मालकांनी काढून टाकावं. त्यांची भाषा मला आवडली नाही, पण मुद्दा पटला होता.

टिळकवाडी, मिशिगन

@गडी_ह्यूस्टनचा : 'हाउडी मोदी' कुठे झालं हो? २२ सप्टेंबर २०१९, एनआरजी स्टेडियम. टेक्सन्सचं फुटबॉलचं मैदान. गेला होतात ना?

गडी_ह्यूस्टनचा

गेलो होतो, सहकुटुंब. पन्नास हजारांच्या आसपास लोक, मोदी आणि ट्रम्प हातात हात घालून मैदानाला फेरी मारत होते आणि माझा मुलगा विचारत होता की टचडाउन कुठल्या बाजूला करतात. पण त्या दिवशी तिथे सामना नव्हता, त्यामुळे तुमचा पॉइंट बाद. (अर्धा.)

शिकागोची_सून

कब्ज, आमचा शिकागोचा बेसबॉल संघ! १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकले ते साल २०१६, आणि निवडणूकही त्याच आठवड्याभरात. २ नोव्हेंबरला सातवा सामना क्लीव्हलंडमध्ये, ८ नोव्हेंबरला मतदान. सासरे तेव्हा आमच्याकडे आले होते. शिवाजी पार्कात उभी हयात काढलेला माणूस, बेसबॉलला 'बायकी गिल्ली-दांडू' म्हणून नाक मुरडायचे (हो, मी 'बाबा, असं बोलू नये' म्हटलं). नववी इनिंग संपली, बरोबरी झाली आणि पाऊस आला. बाबा उठून औषधं घ्यायला गेले. "पाऊस आला म्हणजे ड्रॉ, झोपा आता." सतरा मिनिटांनी खेळ परत सुरू झाला आणि दहाव्या इनिंगमध्ये कब्ज ८-७ ने जिंकले. शेजारचे लोक रस्त्यावर भांडी वाजवत होते. मिरवणुकीच्या दिवशी तर नदीचं पाणी निळं केलेलं. बाबांनी त्याचे इतके फोटो दादरला पाठवले की फोनची जागा संपली.

आता राजकारण. कब्जचे मालक रिकेट्स कुटुंब. त्या वर्षी प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या) वेळी आईने ट्रम्पविरोधी प्रचाराला लाखो डॉलर दिलेले, त्यावर ट्रम्पनी ट्विटरवरून सगळ्या कुटुंबाला दम भरलेला. मुलगी लॉरा हिलरींसाठी निधी गोळा करणारी. आणि मुलगा टॉड पुढे रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा निधीप्रमुखच झाला. हे सगळं नवरा बाबांना समजावून सांगत होता. बाबा शांतपणे म्हणाले, "म्हणजे कोणीही आला तरी घरात सत्ता. अरे, हे आपल्याकडे काका-पुतणे कधीपासून करतात."

जानेवारीत ओबामांनी जाता जाता संघाला व्हाइट हाउसला बोलावलं. ते स्वतः व्हाइट सॉक्सवाले, म्हणजे शिकागोच्याच दुसऱ्या संघाचे. शिकागोत ही गोष्ट पक्ष बदलण्यापेक्षा अवघड आहे, कब्जवाल्याला सॉक्सवाला जावई चालत नाही.

रातकिडा, पुणे

मी अमेरिकेत कधी गेलो नाही, तरी लिहू का? मेडिकल बिलिंगमध्ये रात्रपाळी करतो, क्लायंट फिलाडेल्फियाकडचा. जॉइन झालो तेव्हा ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं : कॉलवर धर्म आणि राजकारण वर्ज्य, हवामान आणि फुटबॉलवर बोला. मी प्रामाणिकपणे तिथल्या ईगल्स संघाचे सामने पाठ केले. फार उपयोग झाला. डिनायल (विमा कंपनीने नाकारलेली बिलं) वाढले तरी पहिली पाच मिनिटं क्लायंट खुशीत असायचा.

नोव्हेंबर २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियाची मतमोजणी दिवसेंदिवस चालली होती, तेव्हा फ्लोअरवर अर्ध्या लोकांच्या दुसऱ्या स्क्रीनवर तोच नकाशा. शनिवारी निकाल लागला त्याच दिवशी ट्रम्पच्या वकिलांची ती फोर सीझन्स लँडस्केपिंगवाली पत्रकार परिषद झाली. हॉटेल नव्हे, बागकाम करणाऱ्या कंपनीचं आवार! बाजूला प्रौढांच्या पुस्तकांचं दुकान आणि समोर शवदाहिनी. ग्रुपवर ती क्लिप आली तेव्हा आधी कुणाला खरीच वाटेना. सोमवारी कॉलवर सगळे गंभीर. कुणी चकार शब्द काढला नाही. म्यूटवर मात्र इकडे हसून हसून मुरकुंडी.

खरी पंचाईत २०२४ च्या सुरुवातीला झाली. गायिका टेलर स्विफ्ट आणि चीफ्स या फुटबॉल संघाचा ट्रॅव्हिस केल्सी यांचं जुळलं होतं आणि चीफ्स सुपर बोलमध्ये, म्हणजे फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पोहोचले. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोण जिंकेल?" त्यावर पलीकडून लांबलचक उत्तर आलं की सगळं ठरलेलं आहे, चीफ्सना जिंकवणार, मग टेलर बायडनना पाठिंबा जाहीर करणार. दुसरी बाई त्याच कॉलवर होती, तिची मुलगी टेलरची भक्त. मग जे काही पेटलं! माझा मॅनेजर मला चॅटवर विचारतोय, "तू काय विचारलंस??" मी लिहिलं, "फुटबॉल." चीफ्स खरंच जिंकले, ओव्हरटाइममध्ये २५-२२, आणि बायडनच्या खात्यावरून त्या थिअरीची टर उडवणारी पोस्ट पडली, ठरल्याप्रमाणेच झालं म्हणून. टेलरने पाठिंबा दिला तो सप्टेंबरात, आणि कमला हॅरिसना. त्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. हल्ली मी फक्त हवामानावर बोलतो. तेही वादळ आलं की जपून.

पीचट्री, अटलांटा

@रातकिडा, कीबोर्डवर चहा सांडला.

कलाकार-खेळाडूंनी सांगून कुणी मत देत नाही, असं इथे म्हणतात. टेलरच्या बाबतीत ते पटतं. २०१८ मध्ये तिने टेनेसीत डेमोक्रॅट उमेदवाराला पाठिंबा दिला, तिथेही तो पडलाच. पण आमच्याकडे उलटं झालेलं मी पाहिलंय.

अटलांटा ड्रीम हा बायकांचा बास्केटबॉल संघ. माझी लेक शाळेच्या संघात खेळते म्हणून आमच्या घरी हे सामने लागतात, एरवी आमच्या ओळखीत कुणाला संघाचं नावही ठाऊक नाही. २०२० मध्ये संघाच्या सहमालक केली लेफलर याच जॉर्जियाच्या रिपब्लिकन सिनेटर होत्या. लीगने 'ब्लॅक लाइव्ज मॅटर'ला दिलेल्या पाठिंब्याविरुद्ध त्यांनी जाहीर पत्र लिहिलं. कोविडमुळे सगळा सीझन फ्लोरिडात बंदिस्त चालू होता. ऑगस्टमध्ये एका सामन्याआधी खेळाडू काळे टी-शर्ट घालून आल्या, छातीवर 'व्होट वॉरनॉक'. मालकिणीच्या विरोधातला उमेदवार! लेक म्हणाली, "आई, कोचने मला असं करू दिलं नसतं." मला तेव्हा वॉरनॉक कोण हेच माहीत नव्हतं. गूगल केलं. माझ्यासारख्या अनेकींनी केलं असणार, कारण तोवर ते जनमत चाचण्यांमध्ये बरेच मागे होते.

त्या वर्षी मी पहिल्यांदा इथे मतदान केलं, तेही स्टेट फार्म अरेनात, जिथे हॉक्सचे सामने होतात. कोर्टाच्या वरच्या बाजूला यंत्रांच्या लांब रांगा आणि हातावर सॅनिटायझर घालणारा स्वयंसेवक. बाहेर पडताना पीच फळाचं चित्र असलेला स्टिकर. तो मी कुर्त्यावर लावून फोटो काढला आणि आईला पाठवला. आईचा पहिला प्रश्न, "बोटाला शाई नाही?" ५ जानेवारी २०२१ च्या रनऑफमध्ये (दुसऱ्या फेरीत) वॉरनॉक जिंकले. त्यांच्या आणि जॉर्जियातलेच दुसरे डेमोक्रॅट ऑसॉफ यांच्या जागांमुळे अख्ख्या सिनेटचा तोल फिरला. लेफलरबाईंचा संघातला हिस्साही पुढच्याच महिन्यात विकला गेला आणि घेणाऱ्यांत त्याच संघाची माजी खेळाडू रेने मॉन्टगोमेरी होती.

गडी_ह्यूस्टनचा

आणि नंतर जॉर्जियाच्या मतदानाच्या नव्या कायद्यावरून बेसबॉलवाल्यांनी २०२१ चा ऑल-स्टार सामना अटलांटाहून डेन्व्हरला हलवला. तुमच्याकडच्या हॉटेलवाल्यांचा धंदा बुडाला. त्याचं काय?

पीचट्री, अटलांटा

मान्य. तेव्हा मीही वैतागले होते. कायदा तसाच राहिला, आणि २०२५ मध्ये सामना परत इथे भरवला. मग हलवून काय मिळवलं, हे कुणी सांगत नाही.

टिळकवाडी, मिशिगन

फेब्रुवारी २०१८, ईगल्स-पेट्रियट्स सुपर बोल. मित्राकडे टीव्हीसमोर चिप्स, आमच्या सौ.ने केलेला कुंदा (मी बेळगावचा, त्यामुळे तो हवाच) आणि गोऱ्या शेजाऱ्यांसह मोठा घोळका. जाहिराती चालू होत्या आणि मधेच पडद्यावर लोक एक नाव उच्चारायची धडपड करताना दिसले. श्री ठाणेदार! चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला माणूस मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उभा आणि सुपर बोल चालू असताना त्याची जाहिरात. मी इतक्या जोरात ओरडलो की शेजाऱ्याला वाटलं ईगल्सने काहीतरी केलं.

पण लगेच वादही झाला. शेजारी म्हणाला, "पैसेवाला माणूस, आणखी एक." आणि आपल्याच एका मित्राने विचारलं, "बेळगावचा नसता तर याला मत दिलं असतंस?" मी कुंदा पुढे केला. प्रायमरीत ते तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) गेले, तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांची नाराजी मोठी होती. जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदाच त्या शहराचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनला नव्हता. माझ्या आनंदाची दुसरी बाजू मला ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितली, तिचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नव्हतं.

आळशी_अंपायर, लाँग आयलंड

क्रिकेट राहिलं की! जून २०२४, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, आयझेनहॉवर पार्कातलं तात्पुरतं स्टेडियम. ते मुळात ब्राँक्समधल्या पार्कात होणार होतं, पण स्थानिकांनी विरोध केला आणि नासाउ काउंटीने संधी साधली. म्हणजे पहिला चेंडू पडायच्या आधीच राजकारण.

आठवडाभर आधी डॅलसजवळ अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं होतं, आणि ती ओव्हर टाकली सौरभ नेत्रावळकरने. मुंबईकडून रणजी खेळलेला, ओरॅकलमध्ये इंजिनिअर. १२ तारखेला भारताशी गाठ. आई आली होती, तिला घेऊन गेलो. नेत्रावळकरने विराटला पहिल्याच चेंडूवर घालवलं, मग रोहितलाही. आमच्या स्टँडमध्ये निळ्या जर्सीचा समुद्र एकदम चिडीचूप, आणि आई टाळ्या वाजवतेय. "अगं, आपल्या विरुद्ध आहे तो!" "असू दे. मुंबईचाच आहे ना?"

भारताला तीस चेंडूंत पस्तीस हव्या होत्या आणि अचानक बोर्डावर पाच धावा वाढल्या. अमेरिकेला षटकं सुरू करायला तिसऱ्यांदा उशीर झाला, त्याचा दंड. नियम नवा, कुणाला माहीत नाही. मागे बसलेला एक देसी तरुण, अंगात अमेरिकेची जर्सी, उभा राहून ओरडायला लागला की आयसीसी आणि बीसीसीआयची मिलीभगत आहे. त्याला गप्प करायला एक काका उठले. ते म्हणाले, "खेळात राजकारण आणू नकोस." आणि पुढचा अर्धा तास, सूर्या मॅच संपवत असताना, दोघं जय शहांवर भांडत होते.