मसण्याऊद नेमका कोणता?

धानबांधी: साकोली तालुक्यातल्या एका शाळेच्या भिंतीवर आम्ही नागझिऱ्यातले प्राणी रंगवतोय. बिबट, रानकुत्री, चौसिंगा, नीलगाय झाले. 'हनी बॅजर', म्हणजे रेटेलपाशी गाडी अडली. मी खाली 'मसण्याऊद' लिहिलं, तर शेजारचे आजोबा म्हणाले, "मसन्याऊद असा नसते बाबू. तो आंब्यावर चढते, आढ्यात झोपते." त्यांचा शब्द मोडवत नाही. बरोबर कोण?

तिरोडेकर: आजोबा सांगतात ते उदमांजर. रेटेल म्हणजे पाठीवर मळकट पांढरी घोंगडी टाकल्यासारखा, खालून काळाकुट्ट, शेपूट आखूड, पुढच्या पायांना उकरायची लांब नखं. पुरलेलं मढं उकरतो अशी समजूत, म्हणून मसण्या. नाव त्याचंच.

वैनगंगाकाठ: ती समजूत दोघांबद्दलही आहे. हिंदीत 'कब्रबिज्जू' म्हणतात, तिथंही हाच घोळ. आणि मधासाठी रेटेलही झाडावर चढतो, तेव्हा 'चढते' एवढ्यावर निकाल लागत नाही.

चिन्नोर: मुळात 'ऊद' आला कुठून? मला वाटतं धुपातला ऊद. आमच्या कौलारू घराच्या आढ्यात उदमांजर राहायचं. रात्री वरून वास यायचा, गंजात चिन्नोर, आमच्याकडचा सुवासिक तांदूळ, रटरटतोय असा. आई उठून चूल पाहून यायची.

तत्सम: वास खरा, व्युत्पत्ती चूक. संस्कृत 'उद्र' म्हणजे पाणमांजर; हिंदीतला 'ऊदबिलाव' अजून तोच. धुपाचा ऊद अरबीतून आला. आणि कृपया 'मसण्या' लिहा, 'मसन्या' नको. शाळेची भिंत आहे.

वैनगंगाकाठ: झाडीबोलीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या बोलीत, ण नाही. आम्ही पानीच पितो. पोरं घरी जे ऐकतात ते भिंतीवर वाचलं तर काय बिघडलं?

तत्सम: उत्तरपत्रिकेत 'पानी' लिहिलं की गुण कापले जातात, हे बिघडतं.

वैनगंगाकाठ: माझे कापले गेलेत. चौथीत होतो. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. म्हणून म्हणतो.

तुरीचंवावर: ण आणि न नंतर पाहा. आधी ती 'नीलगाय' खोडा ताई, की दादा, जे असाल ते. रोही लिहा! ती गाय नाहीच, चौसिंग्याची जवळची नातलग आहे. आमच्या तुरीत रोही शिरले तेव्हा पंचनाम्याच्या कागदावर 'नीलगाय' वाचून माझे सासरे सही करेनात. "गाय नाही शिरली, खोटं कायले लिहू?"

तिरोडेकर: रोही एकदम मान्य. पण रेटेलचं नाव सोडू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत आहे, आणि गावात 'मसण्या आला' म्हटलं की लोक काठ्या घेऊन धावतात. नावानंच जीव जातो त्याचा.

धानबांधी: (दादा.) आज आजोबांना चित्रातली शेपूट आणि नखं दाखवली. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "असा बी पाहिला एकदा, मोहाखाली, वारूळ उकरत होता. त्याले आमी नाव नाही ठेवलं." आता काय लिहू?

तत्सम: 'रोही' मात्र अस्सल. संस्कृतात 'रोहित' म्हणजे तांबूस. एका हरणाचंही नाव.

तुरीचंवावर: तांबूस मादी असते. नर निळसर करडा. मग नाव मादीवरून पडलं म्हणता?