बीटिंग हार्ट बायपास : टाके घालताना हृदयाला रक्त कसं मिळतं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांची (वय ६८, मधुमेह) बायपास ठरली आहे. एलएडी (हृदयाच्या पुढच्या भागाची मुख्य रक्तवाहिनी) ९५ टक्के बंद, उजवी रक्तवाहिनी ७० टक्के, मागची एक वाहिनीसुद्धा खराब. हृदयाचं पंपिंग ४० टक्के, म्हणजे कमी. सर्जन म्हणाले, हार्ट-लंग मशीनवर (हृदय थांबवून त्याचं काम करणारं यंत्र) न घेता धडधडत्या हृदयावरच करू.

मशीनवर आणि मशीनशिवाय केलेल्या बायपासची तुलना करणाऱ्या २०१२ च्या ‘कोरोनरी’ नावाच्या ट्रायलबद्दल वाचलं. ४,७५२ रुग्णांत महिन्याभरातले मृत्यू, पक्षाघात, हार्ट अटॅक वगैरे मिळून दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक नव्हता. त्यामुळे कुठली पद्धत चांगली, हा वाद इथे नको. काळजी वेगळीच आहे. हृदय चालू म्हणजे त्याला रक्त हवंच, आणि नवी वाहिनी टाक्यांनी जोडायला तीच वाहिनी चिरायची. तेवढी मिनिटं त्या चिरेच्या पलीकडच्या स्नायूचं काय?

सर्जननी केसपेपरच्या मागे शंटचं चित्र काढून दाखवलं. दीड-दोन मिलिमीटरची पारदर्शक सिलिकॉनची नळी, दोन्ही टोकं जराशी फुगीर, मधोमध दोरा. चिरेतून ती आत सरकवली की रक्त तिच्यातून पुढे जात राहतं आणि वरून टाके पडतात. शेवटची गाठ मारण्याआधी दोरा धरून ती ओढून काढायची. हे ऐकून खूप धीर आला.

पण काही सर्जन शंट घालतच नाहीत, नळी आतल्या अस्तराला घासते म्हणून. वाहिनी थोडा वेळ आवळूनच काम उरकतात. माझी भीती उजव्या वाहिनीची आहे. जी जवळपास बंदच आहे तिच्या भागाला आजूबाजूच्या वाहिन्यांनी बरेचदा वाट काढून दिलेली असते, ७० टक्केवालीला तसा आधार कमी. शिवाय बहुतेकांत एव्ही नोडला (ठोक्याचा विद्युत संदेश खालच्या कप्प्यांकडे पोचवणारी गाठ) रक्त तिथूनच जातं. ती आवळल्यावर ठोके मंदावले तर? अशा वेळी शंटचा आग्रह धरावा का? पेसिंग वायर (बाहेरून ठोके चालवायची तार) आधीच लावून ठेवतात का?

दुसरं, मागच्या वाहिनीसाठी हृदय उचलून फिरवतात तेव्हा बीपी पडतं, असं कळलं. आधी एलएडीला छातीतली धमनी जोडून पुढचा भाग सुरक्षित करतात, मग हृदय फिरवतात, हा क्रम सगळीकडे पाळतात ना? आणि ४० टक्के पंपिंगला हार्ट-लंग मशीन आणि पर्फ्युजनिस्ट (ते मशीन चालवणारे तंत्रज्ञ) ओटीत तयार असतात का, हे थेट विचारलं तर सर्जनना राग येईल का?

इथे कोणी भूलतज्ज्ञ, पर्फ्युजनिस्ट असतील, किंवा घरात कुणाची अशी बायपास झाली असेल, तर कृपया सविस्तर लिहा. फोनवर बोलायची तयारी असेल तर व्यनि करा. मंगळवारी सर्जनना भेटायचंय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.