ऑर्डोव्हिशियन काळातील जीववैविध्याची वाढ भूखंडागणिक वेगळी का? मदत हवी आहे

नमस्कार. सुमारे ४८.५ ते ४४.४ कोटी वर्षांपूर्वीच्या ऑर्डोव्हिशियन काळात सागरी जीवांच्या वैविध्यात झालेली प्रचंड वाढ सर्व भूखंडांभोवती एकाच वेळी झाली नाही, या मुद्द्यावर मला जाणकारांची मदत हवी आहे. दक्षिण चीनमध्ये ब्रॅकिओपॉड, म्हणजे दोन शिंपा असूनही शिंपल्यांच्या कुळातले नसलेले प्राणी, या काळाच्या आरंभीच्या टप्प्यातच वाढलेले दिसतात, तर बाल्टिकामध्ये, म्हणजे स्वीडन-एस्टोनियासह आजच्या उत्तर युरोपच्या तेव्हाच्या भूखंडाभोवती, ही वाढ मध्य ऑर्डोव्हिशियनमध्ये झपाट्याने झाली. बाल्टिका तेव्हा दक्षिणेकडील थंड अक्षांशांतून विषुववृत्ताकडे सरकत होती आणि लॉरेन्शिया (आजच्या उत्तर अमेरिकेचा तेव्हाचा भूखंड) मात्र विषुववृत्ताजवळच होती, त्यामुळे तापमान हे एक कारण मला पटते.

खरी अडचण वेगळी आहे. स्वीडन आणि एस्टोनियातील खडकांचा अभ्यास एकोणिसाव्या शतकापासून बारकाईने होत आला आहे, त्या मानाने गोंडवनाच्या, म्हणजे भारत ज्याचा भाग होता त्या दक्षिणेकडील महाखंडाच्या, हिमालयीन किनाऱ्यावरचे, उदाहरणार्थ स्पितीतील पिन खोऱ्याचे, जीवाश्म कमी गोळा झाले आहेत. मग दिसणारा फरक किती जीवसृष्टीचा आणि किती संकलनाचा, हे ठरवण्यासाठी नमुन्यांची संख्या समान पातळीवर आणण्याखेरीज कोणती पद्धत वापरावी? चुनखडी आणि शेल (चिखलापासून बनलेला पातळ थरांचा खडक) यांतील जीवाश्मांची तुलना सरसकट करणे मला योग्य वाटत नाही. पिन खोऱ्यातील ब्रॅकिओपॉडवर काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.