गिट (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन): मेनमध्ये घेताना सगळे कमिट स्क्वॅश करायचे का?

टिळकवाडी:
आम्ही पाच जण, उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी फांदी, मेनमध्ये, म्हणजे मुख्य कोडमध्ये, घेताना सगळे कमिट (नोंदवलेले बदल) स्क्वॅश करून एकच करायचा, हा आमचा नियम. तो काढावा असं मला आता ठाम वाटतं.

गेल्या महिन्यात जीएसटीच्या राउंडिंगमुळे एका बिलात रुपयाचा फरक यायला लागला. बायसेक्ट, म्हणजे बिघाड कुठल्या कमिटनं आला ते शोधणारी गिटची कमांड, लावलं. ते यादी निम्मी निम्मी करत जातं, हजार कमिट असले तरी दहाएक फेऱ्यांत दोषी कमिट हातात. आला की हातात! पण ४३ फायलींचा, प्रिंटिंगचे बदलही त्यातच, मेसेज ‘मंथ एंड चेंजेस’. त्यातली राउंडिंगची एक ओळ सापडेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. मूळ ब्रँचवर तिचा वेगळा कमिट होता, आम्हीच तो घालवला.

खानापूर रोड:
दोष स्क्वॅशचा नाही हो, लांबलेल्या ब्रँचचा आहे. प्रिंटिंग आणि राउंडिंग एकाच ब्रँचवर कशाला? दोन दिवसांत संपवली असती तर स्क्वॅश करूनही कमिट लहानच राहिला असता. आणि जुने कमिट ठेवून मिळतं काय? ‘फिक्स’, ‘परत फिक्स’, लाईट जायच्या आत घाईनं पुश केलेले. निम्म्यांचा बिल्डच होत नाही, बायसेक्ट तिथं अडकतं.

टिळकवाडी:
अडकलं तर तो कमिट वगळायला स्किप आहे. कचरा काढायला इंटरॅक्टिव्ह रिबेस आहे, त्यात ब्रँचवरचे कमिट जोडून, गाळून नव्यानं मांडता येतात.

निपाणी:
रिबेस जपून. आमच्याकडं नव्या मुलानं दोघांच्या ब्रँचवर रिबेस करून फोर्स पुश केला, म्हणजे रिमोटवरच्या (सर्व्हरवरच्या सामाईक प्रतीतल्या) ब्रँचवर जबरदस्तीनं आपली चढवली, दुसऱ्याचं दिवसभराचं काम तिथून गेलं. त्या दुसऱ्याच्या मशीनवर होतं म्हणून वाचलं. मुलाला बोलून काय उपयोग, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
स्क्वॅश नको, नो-एफएफ मर्ज करा, म्हणजे ब्रँचचे कमिट तसेच राहतात आणि वर एक मर्जचा कमिट येतो. मेनचा सरळ इतिहास बघायला लॉगला (कमिटची यादी दाखवणाऱ्या कमांडला) फर्स्ट-पेरेंट हा पर्याय द्या, ब्रँचच्या आतले कमिट मग दिसत नाहीत. गिट २.२९ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२० पासून, बायसेक्टलाही तो देता येतो. आधी मर्ज सापडतो, मग त्याच्या आत शिरायचं.

खानापूर रोड:
हे पटलं, पण मेसेज नीट हवेत. पहिली ओळ पन्नास अक्षरांत, खाली बदल का केला ते. आमच्यात गोकाकचा मुलगा कन्नड, मी मराठी, म्हणून इंग्रजीत लिहितो. मोडकं चालेल, कारण हवं. लहान ब्रँचचा हट्ट मात्र मी सोडणार नाही.

टिळकवाडी:
जुनी ब्रँच एका लॅपटॉपवर सापडली. राउंडिंगच्या कमिटखाली लिहिलं होतं: ‘ऑडिटरला प्रत्येक ओळीवर राउंडिंग हवं.’ ते मेनवर असतं तर रात्री ग्राहकाला उठवावं लागलं नसतं. सोमवारपासून नो-एफएफ लावतोय.