एकाच मॉनिटरवर लग्नाचे अल्बम आणि भाच्याचा व्हॅलोरंट: काय घेऊ?

मोरपंखी_फलटण

नमस्कार मंडळी. फलटणला माझं डिझाइनचं छोटं दुकान आहे. लग्नसराईत अल्बम, एरवी पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या. मॉनिटर नऊ वर्षं जुना, 22 इंची, टीएन या स्वस्त प्रकारच्या पॅनेलचा. खुर्चीत जरा खाली घसरलं की फोटोतलं आभाळ बदलतं.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच ऑर्डरीत फजिती झाली. नवरीची पैठणी मोरपंखी, माझ्या स्क्रीनवरही मोरपंखीच. अल्बम छापून आला तो सगळा काळवंडलेला, आणि पैठणी मळकट निळी. नवरीची आई खरी पैठणी घेऊन दुकानात आली आणि अल्बमशेजारी उलगडून ठेवली. बोलली एक शब्द नाही. (बोलली असती तर बरं झालं असतं.) छापणारा म्हणतो, तुमचा स्क्रीन खराब. अल्बम पदरच्या पैशाने पुन्हा छापून दिला.

आता नवा घ्यायचाय, बजेट 25 हजार. त्यातले 5 हजार भाच्याचे. तो इथे कॉलेजला आहे, रात्री शटर खाली आलं की त्याच मशीनवर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळतो. त्याला 144 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 144 चित्रांच्या, खाली काही नकोय. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स 1650. त्याने पसंत केलेल्या मॉनिटरला पाठीमागून लाल दिवे आहेत. एका म्यानात या दोन तलवारी बसतील का?

बारीकडोळे

भाच्याचे 5 हजार परत करा आणि 27 इंची 4के (3840 बाय 2160 ठिपके) घ्या, 60 हर्ट्झ. अक्षरं कोरल्यासारखी दिसतात, पत्रिकेच्या कामाला सोनं.

शाई_आणि_कागद

4के उत्तम, पण ताई कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रामची कुठली व्हर्जन वापरतात ते विचारलंत का? जुनी असेल तर 4केवर टूलबार मुंगीएवढा दिसतो. माझ्याकडच्या एका पोराने भिंग आणलं होतं, थट्टेत नाही.

ताई, मॉनिटरचं नंतर बघू. तो काळवंडलेला अल्बम टाकला नसेल तर काढा, तीच फाइल उघडा आणि मॉनिटरचा ब्राइटनेस बघा. पैज लावतो, 100 टक्के असणार. कोल्हापुरात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराचा तेवढाच असतो. स्क्रीन स्वतः उजेड फेकतो, कागद बिचारा खोलीतल्या ट्यूबवर जगतो. साधा मॉनिटरही पूर्ण ब्राइटनेसला 250 निट्सच्या (निट हे उजेडाचं माप) आसपास जातो. छपाईचं काम करणारे तो 100 ते 120 निट्सवर ठेवतात. भगभगीत स्क्रीनवर तुम्हाला फोटो पुरेसा उजळ वाटतो, तुम्ही तो तसाच पाठवता, आणि कागदावर अंधार. लाखाचा मॉनिटर आणलात तरी हे चुकणार नाही.

पैठणीची गोष्ट निराळी. काही झगझगीत रंग चार शाईंच्या, म्हणजे सीएमवायकेच्या, आवाक्यातच नसतात. मोरपंखी, पोपटी, भगवा हे तर हमखास मार खातात. शिवजयंतीच्या आठवड्यात दर वर्षी एक तरी गिऱ्हाईक फ्लेक्स खांद्यावर टाकून येतं, ‘मोबाइलवर भगवा पेटलेला होता, हा विटकरी कसा झाला?’ तुमच्या छापणाऱ्याकडून त्याच्या मशीनचं आयसीसी प्रोफाइल (ते मशीन रंग कसे छापतं ते सांगणारी फाइल) मागून घ्या, फोटोशॉपच्या प्रूफ सेटअपमध्ये लावा आणि कंट्रोल-वाय दाबा. मोरपंखी तिथल्या तिथे कोमेजताना दिसेल. तेव्हाच नवरीच्या आईला बोलावून दाखवायचं. प्रोफाइल नाही म्हणाला तर छापणारा बदला.

आता तलवारी. बसतात. 27 इंची, 2560 बाय 1440 ठिपके, आयपीएस (कडेने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं पॅनेल), 144 हर्ट्झ किंवा त्याहून जास्त. एवढंच बघा की बरेच गेमिंगचे मॉनिटर रंगांचा पल्ला मोठा देतात, खोक्यावर ‘95 टक्के डीसीआय-पी3’ (सिनेमाचा मोठा रंगपल्ला) मिरवतात. विंडोजमधल्या ज्या प्रोग्रामना रंगांचं व्यवस्थापन कळत नाही, त्यांत साधा फोटो मग तिखट दिसतो, नवरीचे गाल टोमॅटो. म्हणून मेनूत एसआरजीबी (साध्या फोटोंचा लहान रंगपल्ला) मोड हवा, आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस हलवता यायला हवा. काहींमध्ये तो कुलूपबंद असतो. दुकानात उभं राहून बटण दाबून बघा, विक्रेता कितीही घाई करू दे. लाल दिवे बंद करता येतात, त्यावरून भांडू नका.

रात्रपाळी_हडपसर

भाच्याच्या बाजूने बोलतो. 60 हर्ट्झवर एक चित्र 16.7 मिलिसेकंद टिकतं, 144 वर 6.9. कोपऱ्यावरून माणूस डोकावतो त्या खेळात हा फरक हाताला कळतो. ठिपक्याला रंग बदलायला लागणाऱ्या वेळेच्या, खोक्यावरच्या ‘1 मिलिसेकंद’वर मात्र जाऊ नका, ओव्हरड्राइव्ह (तो बदल घाईने करवणारी सेटिंग) शेवटपर्यंत ताणून काढलेला आकडा असतो, तसं ठेवलं तर हलत्या वस्तूमागे उलटी सावली दिसते. व्हीए हे तिसऱ्या प्रकारचं पॅनेल स्वस्त मिळेल, पण बऱ्याच स्वस्त व्हीएमध्ये काळोखातली हालचाल फराटते आणि कडेने रंगही हलतात, म्हणजे दोघांचंही नुकसान. आणि जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन 144 निवडा. माझा मित्र आठ महिने 60 वरच खेळून ‘केवढा फरक पडला’ सांगत होता.

मोरपंखी_फलटण

दादा, पैज जिंकलात. 100 होता. 30 वर आणला, अल्बम शेजारी धरला, तर स्क्रीनवरही तोच काळोख. जरा रडूच आलं, हे सगळं फुकटात कळण्यासारखं होतं. प्रोफाइल मिळालं, पण तीन फोन करावे लागले.

मॉनिटर आणला, तुम्ही सांगितला तसाच. बटण दाबून बघितलं तेव्हा विक्रेता म्हणाला, ‘मॅडम, हे कुणी बघत नाही.’ आता नवीन दुखणं. सकाळी दुकान उघडून एका नवरदेवाचा चेहरा अर्धा तास सावळा करत बसले, तरी तो पांढराफटकच. मग कळलं, भाच्याने रात्री मॉनिटरचा एफपीएस मोड (गोळीबाराच्या गेमसाठीची सेटिंग) लावून तसाच ठेवला होता.

शाई_आणि_कागद

त्यात ब्राइटनेस चढवलेला आणि काळोखाचे भाग उजळलेले असतात, अंधारातला शत्रू दिसावा म्हणून. सकाळी पहिलं काम, मेनूत जाऊन एसआरजीबी. आणि रोज एकच ओळखीचा फोटो उघडून बघा, मी माझ्या म्हशीचा ठेवलाय.

मोरपंखी_फलटण

पैठणीचाच ठेवला. मेनूच्या बटणावर चिकटपट्टी लावून त्यावर ‘सकाळी आठच्या आत परत’ लिहिलंय. कालपासून पाळतोय.