नाण्यानं काय होते म्हणे

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या गरम कुंडात चार नाणी पडली तं काय बिघडते, असं एक भाऊ म्हणाले. बिघडते ना भाऊ! तिथलं मॉर्निंग ग्लोरी कुंड आधी निळंशार होतं, लोकांनी नाणी-कचरा टाकू टाकू खालून गरम पाणी यायची वाटच बुजवत आणली, पाणी थंडावलं अन् काठाचे पिवळे-नारिंगी जिवाणू आत सरकले. 1950 मध्ये साफ केलं तं रुमाल, मोजे बी निघाले (मोज्यांचा कोणता नवस, देव जाणे). आपलं लोणार सरोवर यलोस्टोनसारखं ज्वालामुखीचं नाही, उल्केचं, पण बेसाल्टातलंच (लाव्हा थिजून झालेला काळा खडक), 2020 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. तिथं बाहेर जायला पाण्याला वाटच नाही, म्हणजे ओटीचे ब्लाउजपीस, चिप्सची पाकिटं, जे टाकलं ते आतच राहते. उतरायच्या आधी वरच पिशव्या तपासा ना, गावातल्या पोरांना कामही भेटंल.